कुरणातली वाकडी ओळ

रतनबाई खुरपून गेलेल्या वावरात तण शोधायला गेलेला माणूस हात हलवीत परत यायचा. बाभूळखेड्यात हे कुणीही सांगितलं असतं, आणि कुणी नसतं सांगितलं तर रतनबाईनं स्वतः सांगितलं असतं. पन्नाशी आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण सावडीच्या दहा बायांत तिची पात, म्हणजे खुरपत न्यायची ओळ, सगळ्यांच्या पुढं असायची आणि सगळ्यांत स्वच्छही असायची. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या वावरात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. त्यात पैसा मधे येत नाही, पण जीभ येते, आणि रतनबाईची जरा जास्तच यायची. मागं राहिलेली एखादी काडी दिसली की ती उपटून, जिची पात असेल तिच्या पुढ्यात नेऊन टाकायची. बाकीच्या बाया खुरप्यानं तण छाटून पुढं सरकत. रतनबाई बोटं मातीत घालून मुळासकट काढायची.

"वरनं छाटल्यालं तन आठ दिसांत परत तोंड वर काढतंय," ती म्हणायची. "त्याला खुरपनं म्हनत्यात व्हय? ती तर हजामत झाली."

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ याच हातांनी घातला.

तिचा नवरा कानिफनाथ हा गुरांचा माणूस. शेवगावच्या पूर्वेला जमीन तशी हलकीच, बाजरी आली तर आली. पण कानिफनाथाच्या वडलांपासून गावाच्या वर पंधरा एकरांचं कुरण होतं आणि त्या कुरणावर गायी होत्या. त्याच्या गोठ्यातला खोंड घ्यायला लांबून माणसं यायची. कुरण मात्र वर्षानुवर्षं नुसतं ओरबाडलं गेलं. चांगलं गवत गुरांनी आधी खाल्लं, बी धरायला कधी उरूच दिलं नाही, आणि मग तिथं कुसळी माजली. कुसळी कोवळी असते तोवर जनावर तोंड लावतं. एकदा कुसळं धरली की ती गुरांच्या हिरड्यांत रुततात आणि माणसाच्या धोतरात. त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. त्या साली कुसळीसुद्धा उगवली नाही. अकरा जनावरांतली काही गोठ्यातच मेली, काही गुरांच्या छावणीत. उरलेल्या तीन गायी कानिफनाथानं चालवत नेऊन लेकीच्या सासरी पोचवल्या. तिथं कालवा होता, उसाचं वाढं होतं. कपिली, तांबू आणि बुगडी. बुगडी ही कालवड. तिची आई व्याल्यावर चौथ्या दिवशी मेली, तेव्हा रतनबाईनं तिला बोटानं दूध पाजून वाढवली होती.

पुढच्या साली पाऊस झाला आणि सायकलीवरून सुमंत आला. शेतकी खात्यात गवताचं काम बघणारा, चष्मा लावणारा, किडकिडीत माणूस. गाव त्याला गवतमास्तर म्हणायचं. गवत उगवायलाही मास्तर लागतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो, याची गंमत बाभूळखेड्याला बरेच दिवस पुरली. कानिफनाथ मात्र हसला नाही. त्यानं मास्तराला पंधराही एकर पायी फिरवून दाखवले आणि विचारलं, "ह्यात गाय जगंल असं गवत परत यील का?"

"येईल," सुमंत म्हणाला. "पण सगळ्यात एकदम नाही. तीन एकर घ्या. कुसळी नांगरून काढा, दोनदा कुळवा, काट्यांचं कुंपण घाला आणि वर्षभर एकही जनावर आत सोडू नका. कापून न्यायचं, चारायचं नाही."

त्यानं सायकलीच्या कॅरिअरवरून एक पोतं काढलं. अंजन गवताचं बी होतं ते, दुष्काळाच्या आधी जमवलेलं. हातात घेतलं तर वजनच लागेना, फुंकर मारली तर उडून जाईल असं. दुष्काळात कुठंच गवताला बी धरलं नव्हतं, त्यामुळं एवढंच पोतं होतं. "परत मागितलंत तर माझ्याकडे चिमूटभरही नाही," सुमंतनं बजावलं. बी ओल्या मातीत कालवून वरच्यावर पेरायचं, खोल गेलं तर मेलं. आणि मधे हुलग्याच्या ओळी घ्यायच्या, म्हणजे जमिनीलाही बरं आणि पहिल्या साली रान अगदीच रिकामं जात नाही. कुसळीचं जुनं बी जमिनीत असणारच, ती वर आली की काढून टाकायची.

हे सगळं बोलणं बांधावर झालं तेव्हा रतनबाई चुलीपुढं चहा करत होती. तिच्यापर्यंत आलं ते कानिफनाथाच्या तोंडून, आणि कानिफनाथ दहा वाक्यांतली दोन बोलणारा माणूस. "हुलग्याच्या मदी गवात हाय. कुसळी आली तर काढायची," एवढं त्यानं सांगितलं. जिला गावातलं सगळं तण नावानिशी माहीत, तिला आणखी काय सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. थोडं बी त्यानं गोठ्यामागं एका फुटक्या घमेल्यात टाकलं. बी जिवंत आहे की नाही ते बघायला मास्तरानं तसं करायला लावलं होतं.

पेरणीनंतर महिनाभरात रानात हुलगा ओळीनं वर आला. तेवढ्यात लेकीच्या सासऱ्याचा, राधाकृष्ण पाटलांचा, निरोप आला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या. गोठा धाकट्याच्या वाट्याला गेला होता आणि दसऱ्याला तो मोकळा करून द्यायचा होता. तोवर गायी न्याव्यात, नाहीतर घोडेगावच्या बाजारात उभ्या कराव्या लागतील. निरोप गोड शब्दांत होता, पण अर्थ तोच. वर्षभर ज्यानं दुसऱ्याची गुरं पोसली त्याला बोल तरी कसा लावणार? कानिफनाथानं टोपी झटकली आणि निघाला.

"संक्रांतीपत्तुर ठिवा म्हनून इनवून बघतो," तो म्हणाला. "तीन दिस लागतील. घमेल्याला रोज तांब्याभर पानी घाल. खुरपायचं मी आल्यावर बगू."

रतनबाईनं मान हलवली. तो एस.टी.त बसला आणि ती वावरात गेली.

तिथं तिनं जे पाहिलं त्यानं तिचा जीव घाबराघुबरा झाला. हुलग्याच्या दोन ओळींच्या मधे बोट-बोट हिरवं गवत दाटलं होतं. नांगरून काढलेली कुसळी परत आली, तिच्या मनानं घेतलं. मास्तरचं गवत ते दिसत नव्हतं कुठं. ते अजून उगवायचंच असेल, आणि उगवेल कसं, ही अवदसा त्याच्या उरावर बसली असताना. तिला नवऱ्याचा चेहरा आठवला. व्याह्याच्या दारात हात जोडून, मान खाली घालून तो परत येणार, आणि इथं हे बघणार. तो यायच्या आत रान आरशासारखं करून ठेवायचं असं तिनं ठरवलं. तिच्याकडं द्यायला दुसरं होतं काय? तिला तेवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडीच्या नऊ बाया आल्या. भुरभुर पाऊस होता, माती लोण्यासारखी. रतनबाईनं पदर खोचला आणि पात धरली. "छाटायचं न्हाई," तिनं बजावलं. "मुळासकट. ज्या बाईच्या पातीत काडी ऱ्हाईल तिनं उद्या भाकरीची वाट बगू नये, मी वाढनार न्हाई."

लंकाबाई तिच्या शेजारच्या पातीला होती. दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आलेल्या. लंकाबाईला काम कमी आणि बोलणं जास्त, असं रतनबाईचं मत होतं आणि ते ती लंकाबाईलाच सांगायची. दोन-चार झुपके उपटल्यावर लंकाबाई थांबली, एक काडी बोटांत फिरवत राहिली.

"रतने, कुसळीचा बुडखा चापट असतोय. ह्याचा गोल लागतुय गं."

"कवळं हाय म्हनून."

"कवळी कुसळी म्या काय पयल्यांदा बघती व्हय?"

"लंके, तू मला तन शिकवतीस?" रतनबाई म्हणाली आणि सगळ्या बायांनी हात चालवले. त्या आवाजापुढं कुणी बोलत नसे.

पहिल्या दिवशी एक एकर झालं, दुसऱ्या दिवशी आणखी एक. पहिल्या दिवशीचं गवत बायांनी शेळ्यांना म्हणून भारे बांधून नेलं, दुसऱ्या दिवशी भिजायची वेळ आली म्हणून ते तसंच बांधाला ढीग घालून राहिलं. तिसरं एकर उद्यावर ठेवलं. घरी जाताना रतनबाईनं वळून पाहिलं. काळी माती आणि तिच्यावर हुलग्याच्या ओळी, मधे गवताचं एक पातं नाही. तिचं मन भरून आलं. कानिफनाथ काही बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण तो बांधावर जरा जास्त वेळ उभा राहील, तेवढं तिला बास होतं.

घरी आल्यावर तिला घमेल्याची आठवण झाली. दोन दिवस पावसाच्या भरवशावर तिनं तिकडं बघितलंच नव्हतं. अजून उजेड होता. तांब्या घेऊन ती गोठ्यामागं गेली, पाणी घातलं आणि तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली.

घमेल्यात गवत होतं. बोट-बोट वाढलेलं, हिरवं, दाट. तिनं खाली बसून एक काडी उपटली. बुडाशी जरा तांबूस. बोटांत धरून फिरवली. बुडखा गोल होता.

ओच्याला चिखलाबरोबर वावरातली एक काडी चिकटून आली होती. तिनं ती सोडवून घमेल्यातल्या काडीशेजारी तळहातावर ठेवली. मग उगाच जागा बदलून परत ठेवली, जणू तसं केल्यानं काही वेगळं दिसेल. दोन्ही एकच होत्या.

दुष्काळात खडी फोडताना बोट ठेचलं तेव्हा ती रडली नव्हती, छावणीतून जनावर मेल्याचा निरोप आला तेव्हाही पदर तोंडाला लावून गप्प बसली होती. आता ती घमेल्याजवळ बसून हमसून हमसून रडली. एकच पोतं होतं. तीन एकरांतलं दोन एकर तिनं दोन दिवसांत साफ केलं होतं, आणि काय साफ केलं होतं. आयुष्यभर या हातांचा तोरा मिरवला. लंकीनं तोंडावर सांगितलं तरी ऐकलं नाही. तिला बुगडी दिसायला लागली, घोडेगावच्या बाजारात दावणीला, शिंगं रंगवलेली, गिऱ्हाईक तिचे दात बघतंय.

रडून झाल्यावर मात्र ती उठली. रडत बसणं तिच्या अंगातच नव्हतं. गोठ्यातली रिकामी पोती तिनं हौदात बुडवली, डोक्यावर घेतली आणि पाणी निथळत तशीच वावरात गेली. बांधावरच्या ढिगातून मूठभर गवत उचललं. मुळं होती. पांढरी, अखंड, मातीचा गोळा धरून बसलेली. तिच्या स्वतःच्या पातीतल्या गवताचं एकही मूळ तुटलेलं नव्हतं. दुसऱ्या बायांच्या गवतातलं बरंच खुरप्यानं कापलं गेलं होतं, ओरडून ओरडूनही त्या शेवटी छाटतच होत्या. पण बरंच धडही होतं. तिनं ओली पोती ढिगांवर घातली आणि अंधार पडायच्या आत लंकाबाईच्या दारात उभी राहिली.

लंकाबाई भाकरी थापत होती. रतनबाई उंबऱ्यातच थांबली.

"लंके, बुडखा गोलच हुता."

लंकाबाईनं तिच्याकडं बघितलं, तव्यावरची भाकरी उतरवली आणि पाट सरकवला. "बस आधी."

"बसायला न्हाई आले. कांद्याचं रोप लावतो तसं लावून बगायचं माझ्या मनात हाय. मुळं धड हायती. जगंल का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर बाया मी बोलावल्या तर कोन्त्या तोंडानं बोलवू? दोन दिस त्यांच्या बोकांडी बसून म्याच उपटाय लावलं."

लंकाबाईच्या ओठांवर किती बोलणी येऊन गेली असतील ते तिलाच ठाऊक. लग्न होऊन आल्यापासून ऐकलेल्या टोमण्यांचं उट्टं काढायला यापरीस चांगली वेळ आली नसती. पण समोरच्या बाईचा चेहरा बघून तिनं ती गिळली.

"बाया मी आनते," ती म्हणाली. "उद्या मी पुढं आन् तू मागं. मी वरडंन, तू ऐकायचं. हाय कबूल?"

"हाय."

"आन् पयल्या दिसाचं गवात इसर. ते माझ्या शेळीनं खाल्लं. लई आवडीनं खाल्लं बरं का. गवतमास्तरला सांग, बी चांगलं हाय."

रतनबाईला हसू आलं आणि त्याच दमात परत रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दहाही बाया हजर होत्या. रतनबाईनं सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं. चूक कुणाची, ते आडवळणानं नाही. "आजचा दिस सावडीतला न्हाई. ह्यो माझ्यावर. तुमच्या वावरात मी फेडंन." एक म्हातारी म्हणाली, "जलमभर गवात उपटलं, आता लावायचं आलं. देवाला बी काय सुचंल," आणि बाया हसून पातीला लागल्या. मधल्या ओळीत चिमटीनं भोक, दोन काड्या, अंगठ्यानं माती दाबायची, वीतभर पुढं. कांदा लावून लावून त्या बोटांना ही सवय होती, फक्त आज रोप कांद्याचं नव्हतं. लंकाबाई पुढून ओरडत होती आणि रतनबाई खाली मान घालून ऐकत होती. लंकाबाईनं रतनबाईच्या पातीतलं सैल दाबलेलं एक रोप उपटून तिच्या पुढ्यातसुद्धा टाकलं. रतनबाईनं ते उचललं आणि नीट लावलं.

दुपारच्या गाडीनं कानिफनाथ आला. घरी कुलूप बघून तो सरळ वावरात आला. रतनबाई उठून बांधाला गेली. चिखलाचे हात तिनं पदराला पुसले नाहीत, तसेच पुढं धरले.

"कुसळी म्हनून समदं मीच काढलं," ती म्हणाली. "तुमचं गवात हुतं. एक एकर तर शेळ्यांनी खाल्लं. उरल्यालं लावतोय. जगलं तर जगलं."

कानिफनाथानं वावर बघितलं. दोन एकर मोकळं काळं रान, त्यातल्या एका कोपऱ्यापासून ओळीनं लावत आलेल्या बाया, पलीकडं अजून हात न लागलेलं एक एकर. तो बराच वेळ बघत राहिला. रतनबाई वाट बघत होती. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं, खरंच बरं वाटलं असतं.

"संक्रांत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "दसराच. पाव्हनं म्हनलं, दसऱ्याला येऊन गवात बघतो. जेवढं असंल तेवढ्या गाया आनून सोडतो, बाकी बाजार."

एवढं बोलून त्यानं पायताण काढलं, धोतर वर खोचलं, टोपलीतून रोपं घेतली आणि बायांच्या रांगेच्या टोकाला जाऊन उकिडवा बसला. बाया हात थांबवून बघायला लागल्या. कांदा लावणं, खुरपणं ही बायांची कामं. बाभूळखेड्यात कुणी गडी रोपाच्या पातीला बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

"दाजी, ओळ सरळ धरा," लंकाबाईनंच तोंड उघडलं. "न्हाईतर गाय खाताना चुकायची."

त्याला काही ती सरळ धरता आली नाही. नांगराचा तास दोरीत काढणारा माणूस, पण बसून सरकायची त्याला सवय नव्हती. त्याची ओळ हुलग्यात घुसली, तिथून बाहेर आली, मधेच वीतभराऐवजी हातभर अंतर पडलं. संध्याकाळपर्यंत त्यानं ती एकच ओळ लावली आणि कंबर धरून उठला. रतनबाईला त्यानं त्या दिवशी बोल लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, त्या पावसाळ्यात कधीच नाही.

पंधरवड्यानं सुमंत आला. ओळीनं लावलेलं अंजन बघून त्यानं चष्मा काढून पुसला. "थोराड ठोंब लावतात हे मला माहीत आहे," तो म्हणाला, "पण महिन्याचं रोप, तेही उपटून टाकलेलं... रतनबाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई, मास्तर. आधी उपटायचं कुनी सांगितलं हुतं?"

त्यानं ओळी तपासल्या. दहात सहा जगली होती. सहा म्हणजे पुष्कळ, असं तो दोनदा म्हणाला. उरलेल्या मोकळ्या एकराला या सालात काही करता येणार नव्हतं. यातलंच बी पिकलं की हातानं ओरबाडून घ्यायचं, पुढच्या पावसापर्यंत मुरू द्यायचं आणि मग पेरायचं. ताजं बी लगेच उगवत नाही. रतनबाईनं या खेपेला प्रत्येक शब्द स्वतः ऐकला, आणि मास्तर गेल्यावर लंकाबाईला विचारून परत ताडून पाहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राधाकृष्ण पाटील आले. सरळ माणूस, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. चहा पिऊन ते कुरणात आले. हुलगा शेंगांवर होता आणि त्याच्या मधून अंजन कमरेला लागलं होतं, वर तुऱ्यांत बी भरलं होतं. पाटलांनी मूठभर गवत कापून दातांत चावून बघितलं. दोन एकरांचा अंदाज त्यांनी चालता चालता घेतला. मोकळ्या एकराच्या कडेला आल्यावर थांबले.

"दोन गाया निघतील होळीपत्तुर," ते म्हणाले. "तीन न्हाई. ह्या एकराला काय झालं, इहीनबाई?"

कानिफनाथानं तोंड उघडायच्या आत रतनबाई बोलली. "ते माझ्या हातानं गेलं, पाव्हनं. तिसऱ्या गायीचा घास हुता त्यो. कपिली आन् तांबू आना." पुढचं नाव तिच्या तोंडून निघेना. कपिली म्हातारी, तिला बाजारात कसाबाशिवाय गिऱ्हाईक नाही. तांबू गाभण. हिशेब कुणालाही कळला असता.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बुगडीला तुमच्या लेकीनं आधीच परड्यात लिंबाखाली बांधलीया," ते म्हणाले. "म्हनली, मामंजी, गोठा गेला तर जाऊ द्या, ही माझ्या आईच्या बोटाला लागल्याली हाय. मी काय बोलनार? ऱ्हाईल वर्सभर. तुमचं एकर झालं की न्या."

रतनबाईनं पदर डोळ्यांना लावला. आता रडू लपवायचं तिला कारण नव्हतं.

पाटील परत फिरताना एका जागी थबकले आणि हसले. "ही वळ कुनी लावली हो? साप गेल्यावानी."

कानिफनाथ आभाळाकडं बघत होता. पाटलांना काय कळायचं ते कळलं असावं, ते पुढं चालू लागले.

कापणी सुरू झाली ती दसऱ्यानंतर चार दिवसांनी. कपिली आणि तांबू दावणीला होत्या आणि सकाळपासून वैरणीसाठी हंबरत होत्या. कानिफनाथ विळ्यानं कापत पुढं आणि रतनबाई पेंढ्या बांधत मागं. वाकड्या ओळीपाशी आल्यावर रतनबाईनं त्याचा हात धरला.

"ही नगा कापू. माझ्या एकराचं बी हिच्यातलं घेनार हाय मी."

कानिफनाथ थांबला. विळा मातीत टोचून तो ओळीकडं बघत राहिला. मग सगळ्या पावसाळ्यात बोलला नव्हता इतकं एकदम बोलला.

"म्या लावल्यालं निम्मं दुसऱ्याच आठवड्यात मेलं हुतं. मागनं येऊन तू परत लावलंस. मी बांधावरनं बघत हुतो."

रतनबाई पेंढी बांधायचा गवताचा आळा पिळत राहिली.

"परत लावताना सरळ करता आली असती तुला," तो म्हणाला. "तुला तर एक काडी वाकडी दिसली की चैन पडत न्हाई."

"आली असती," रतनबाई म्हणाली.

तिनं पदराची टोकं कमरेला खोचून झोळी केली आणि ओळीच्या पहिल्या ठोंबापाशी उभी राहिली. तुरा मुठीत धरून वर ओढला की बी सुटून हातात येत होतं, हलकं, बिनवजनाचं. कानिफनाथानं विळा तिथंच ठेवला आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. वाकड्यातिकड्या त्या ओळीनं दोघं एकमेकांकडं बी गोळा करत येऊ लागले.